"हे आपल्याकडून होत नाही भाऊ": ऑब्जेक्टनं हे नेमकं सांगायचं कसं

रिकामी मेथड म्हणजे सगळ्यात बेकार प्रकार. इंटरफेसनं (म्हणजे क्लासमध्ये कोणत्या मेथड असल्याच पाहिजेत त्या यादीनं) मागितली म्हणून लिहून टाकली, आत काहीच नाही, नुसते दोन महिरपी कंस, कंपायलर खुश, टेस्ट हिरव्या, आणि तिकडे माणूस बटन दाबून राहिला, स्क्रीनवर "झालं" येऊन राहिलं, पण डेटाबेसमध्ये पानही हललं नाही. एरर नाही, लॉग नाही, काहीच नाही. महिनाअखेरीस हिशोब जुळत नाही तेव्हा शोधाशोध सुरू होते, आणि तोवर ती मेथड कोणी लिहिली, काहून लिहिली हे कोणाला आठवत नाही.

त्यापेक्षा ऑब्जेक्टनं सरळ तोंडावर सांगावं, हे काम मी करत नाही. त्यासाठीच एक्सेप्शन आहे, म्हणजे काम तिथंच थांबवून कॉल करणाऱ्याकडे फेकलेला नकार. पण ते फेकायचं कुठं, कोणतं, कधी नाही फेकायचं, आणि पुढच्यानं ते पकडायचं की नाही, यात पोट्टे गजब गोंधळ घालतात म्हणून सगळं एकदा पायरी-पायरीनं लिहून काढतो. उदाहरणं मुख्यतः जावाची, कारण आपल्या इकडे नागपुरात कॉलेजपासून तेच चालते, पण डॉटनेट, पायथन, डार्टवाले पण वाचा, तुमचं पण येणार आहे.

उदाहरण एकच धरू. कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडत्यासाठी आपण छोटं सॉफ्टवेअर बनवून राहिलो असं समजा. त्यात "वही" नावाचा इंटरफेस. त्यात मेथड अशा: सौदा टाक, सौदा रद्द कर, सगळे सौदे दे, एकूण कॅरेट सांग. हा इंटरफेस वापरणारे क्लास तीन. चालू वही म्हणजे आत्ता मृग बहाराचा माल येऊन राहिला त्याची, रोज सौदे पडतात, चुकले तर रद्द होतात. जुनी वही म्हणजे मागच्या वर्षांच्या एक्सेल फायली वाचून आणलेला रेकॉर्ड, फक्त पाहायला. आणि तिसरी पाहुणी वही, म्हणजे दुसऱ्या गाळ्याच्या सर्व्हरवरून येणारे सौदे, ते आपण वाचू शकतो, त्यांच्या वहीत लिहू शकत नाही.

पायरी १: हे "नाही" कोणतं आहे ते आधी ठरवा

इथंच निम्मे लोक घसरतात, म्हणून इथं जरा जास्त वेळ थांबू.

जुन्या वहीत सौदा टाकायला गेलो तर उत्तर आहे "कधीच नाही". आज नाही, उद्या नाही, कोणीही आलं तरी नाही, तो ऑब्जेक्टच त्या कामाचा नाही. याला जावात अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन, डॉटनेटमध्ये नॉटसपोर्टेडएक्सेप्शन, डार्टमध्ये अनसपोर्टेडएरर. पीएचपीत त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बॅडमेथडकॉलएक्सेप्शन.

आता चालू वही घ्या. आंबिया बहार संपला, हिशोब झाला, अडत्यानं त्या हंगामाची वही बंद केली, म्हणजे "बंद" फ्लॅग लावला. आता तिच्यात सौदा टाकायला गेलो तर? हे "कधीच नाही" नाही. हे "आत्ता नाही". काल चालत होतं, मालकानं परत उघडली तर उद्या पण चालेल. इथं इल्लीगलस्टेटएक्सेप्शन पाहिजे, डॉटनेटमध्ये इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन, डार्टमध्ये स्टेटएरर. फरक पुस्तकी वाटतो पण कामाचा आहे. "आत्ता नाही" आलं तर कॉल करणारा काहीतरी करू शकतो, वही उघड म्हणू शकतो, थांबू शकतो. "कधीच नाही" आलं तर त्याला करण्यासारखं काहीच नाही, त्याचा कोडच चुकीच्या ऑब्जेक्टकडे गेला आहे आणि तो कोड बदलल्याशिवाय उपाय नाही.

तिसरं "अजून नाही". मेथड लिहायची आहे, सोमवारी लिहू, तोवर काहीतरी टाकून ठेवा. डॉटनेटमध्ये याला वेगळं नॉटइम्प्लिमेंटेडएक्सेप्शन आहे, कॉटलिनमध्ये टूडू नावाचं फंक्शनच आहे जे नॉटइम्प्लिमेंटेडएरर फेकते, डार्टमध्ये अनइम्प्लिमेंटेडएरर. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत यासाठी वेगळा क्लासच नाही, म्हणून लोक इथं पण अनसपोर्टेडच ठोकतात. नेटबीन्स नावाची आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) तर मेथड जनरेट करताना स्वतःच ते टाकून देते, "अजून सपोर्ट नाही" अशा अर्थाच्या मेसेजसकट. मग वर्षभरानं कोड वाचणाऱ्याला कळतच नाही की हे मुद्दाम आहे का अर्धवट राहून गेलं. माझं मत विचाराल तर जावाच्या प्रोजेक्टमध्ये "अजून नाही"साठी स्वतःचा छोटा क्लास करून घ्या, आणि बिल्डमध्ये चेक लावा की रिलीज ब्रँचमध्ये तो कुठं सापडला तर बिल्ड पडलंच पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही.

आणि चौथं "तुला नाही". मुनीम रद्द करू शकत नाही, मालक करू शकतो. हा परवानगीचा मामला आहे, ऑब्जेक्टच्या कुवतीचा नाही, त्याला वेगळं एक्सेप्शन, इथं अनसपोर्टेड आणू नका. तसंच सौदा टाकताना कॅरेट उणे बारा लिहिले तर तो आर्ग्युमेंटचा दोष, इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. ऑपरेशन तर चालतेच, दिलेला माल खराब आहे.

पायरी २: ती मेथड तिथं पाहिजेच का?

एक्सेप्शन फेकायच्या आधी हा प्रश्न विचारायचा, नंतर नाही. कारण एक्सेप्शन रनटाइमला कळते, म्हणजे अडत्याच्या गाळ्यावर कळते. टाइपनं सांगितलं तर कंपायलरच तुम्हाला घरी सांगतो.

आपल्या उदाहरणात इंटरफेस दोन करता येतात. "वाचायची वही", तिच्यात फक्त सगळे सौदे आणि एकूण कॅरेट. आणि "लिहायची वही", जी पहिलीवरून वाढवलेली आणि तिच्यात टाक आणि रद्द कर. जुनी वही आणि पाहुणी वही पहिलाच इंटरफेस घेतात, त्यांच्यावर सौदा टाक म्हणायला गेलं तर कोड कंपाइलच होत नाही. प्रश्नच मिटला, एक्सेप्शनची गरजच नाही. कॉटलिननं लिस्ट आणि म्युटेबललिस्ट वेगळे ठेवले ते यासाठीच, डॉटनेटनं पण २०१२ मध्ये ४.५ व्हर्जनला आयरीडओन्लीलिस्ट आणलं. सीप्लसप्लसवाले तर २०११ च्या स्टँडर्डपासून फंक्शनपुढं "इक्वल टू डिलीट" लिहून मोकळे होतात, कॉल केला की कंपायलरच ओरडतो.

संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात जो मुद्दा मांडला आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत पेपरमध्ये नीट बांधला, तो इंटरव्ह्यूत सगळे घोकून सांगतात: बेस टाइप जिथं चालतो तिथं सबटाइप चाललाच पाहिजे, वापरणाऱ्याला धक्का बसायला नको. मग वही म्हणून घेतलेला ऑब्जेक्ट सौदा टाकल्यावर फटाका फोडत असेल तर तो नियम मोडला की नाही? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, पायरी ३ मध्ये येतो त्यावर.

पण मग जावाच्या कलेक्शनवाल्यांना (लिस्ट, सेट, मॅप बनवणाऱ्यांना) हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. १९९८ च्या शेवटी जावा १.२ आली, तिच्यासोबत कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं आणि हे एक्सेप्शन पण तेव्हाचंच. त्यांनी विचार करून ठरवलं की इंटरफेस वेगळे करायचे नाहीत, कारण फक्त "वाचता येते" आणि "लिहिता येते" एवढे दोनच प्रकार नसतात. एखाद्या लिस्टमध्ये जागा बदलता येतात पण साइज बदलत नाही, एखाद्या लॉगमध्ये फक्त शेवटी जोडता येते, कुठं काढता येते पण टाकता येत नाही. मॅपमधल्या कीजचा जो सेट मिळतो तो तसाच आहे, त्यातून रिमूव्ह होते, अॅड होत नाही. हे सगळे प्रकार टाइपनं सांगायला गेलो तर इंटरफेसचं जंगल होते, आणि मग लिस्ट, सेट, मॅप, इटरेटर सगळ्यांचे तितकेच भाऊबंद. म्हणून त्यांनी बदल करणाऱ्या मेथड "ऑप्शनल" म्हणून जाहीर केल्या. हा निर्णय सगळ्यात जास्त वादाचा आहे हे जावाच्या डिझाइन एफएक्यूमध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं आहे.

मी काय करतो सांगू का, प्रकार दोन किंवा तीन असतील तर डोळे झाकून इंटरफेस वेगळे करतो. कॉम्बिनेशन वाढून राहिले असतील, किंवा इंटरफेस दुसऱ्याचा आहे आणि आपल्याला तो पूर्ण घ्यावाच लागते, तेव्हाच एक्सेप्शन. कळमन्याच्या वहीत आज दोन प्रकार आहेत, उद्या "फक्त जोडता येणारी", "रद्द होते पण बदलत नाही अशी", "जीएसटी भरल्यावर अर्धी गोठलेली" असं येऊ लागलं की तेव्हा पुढच्या पायऱ्या लागतात. पुढं सगळं ते आलं आहे असं धरून लिहितो.

पायरी ३: आधी करारात लिहा, मग फेका

इंटरफेसच्या डॉकमध्ये, म्हणजे वही या इंटरफेसवरच, जुन्या वहीच्या क्लासवर नाही, लिहायचं: सौदा रद्द कर हे ऑप्शनल ऑपरेशन आहे, जी वही ते करत नाही ती अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फेकेल. हे लिहिलं की लिस्कोव्हवाला प्रश्न बराच सुटतो. वापरणाऱ्याला आधीच सांगितलं आहे की नकार येऊ शकतो, मग नकार आला तर करार मोडला नाही. करार ढिला झाला हे खरं, आता वही हातात आली म्हणजे रद्द होईलच असं कोणी धरू शकत नाही, आणि ती किंमत प्रत्येक कॉल करणाऱ्याला मोजावी लागते. पण निदान फसवणूक नाही.

उलट, बेसच्या करारात हे लिहिलेलंच नाही आणि तुमचा सबक्लास मधूनच फेकायला लागला, तर तो तुमचा बग आहे. बेस क्लास दुसऱ्या टीमचा असेल तर त्यांच्याशी बोलून आधी तिथलं डॉक बदलून घ्या, नाहीतर त्या क्लासवरून इनहेरिट करूच नका, पोटात फील्ड म्हणून ठेवा आणि तुम्हाला झेपतात तेवढ्याच मेथड बाहेर दाखवा. पुष्कळदा हा दुसरा रस्ताच बरा पडते.

पायरी ४: फेकायचं ते लगेच, नेहमी, आणि मेसेजसकट

कोड असा काहीतरी दिसेल (कीवर्ड तुमच्या आयडीईत नेहमीसारखे टाकाच):

```
क्लास जुनीवही इम्प्लिमेंट्स वही {
    पब्लिक फायनल व्हॉइड सौदाटाक(सौदा स) {
        थ्रो न्यू अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन(
            "जुनीवही: सौदाटाक चालत नाही. " +
            "ही वही फक्त वाचायची आहे. " +
            "नवा सौदा चालूवहीत टाका. वही=" + वहीनंबर);
    }
}
```

मेसेज लांब वाटतो ना? असू द्या. कोणता क्लास, कोणतं काम, काहून नाही, आणि त्याऐवजी काय, हे चारही त्यात आले पाहिजेत. जावाच्याच लिस्ट.ऑफनं बनवलेल्या लिस्टमध्ये अॅड करून पाहा, जे एक्सेप्शन येते त्यात मेसेज नलच असतो. लॉगमध्ये फक्त क्लासचं नाव आणि खाली स्टॅक ट्रेस (कोणी कोणाला कॉल केला ती साखळी). लायब्ररीवाल्यांना ते परवडते, त्यांची मेथड जगाला माहीत आहे, तुमच्या वहीची नाही.

"लगेच" म्हणजे मेथडच्या पहिल्या ओळीत. आधी डेटाबेसला हात लावला, कॅशमधून काढलं, मग लक्षात आलं की चालत नाही आणि मग फेकलं, असं नको. नकार देताना ऑब्जेक्ट जसा होता तसाच राहिला पाहिजे.

"नेहमी" यावर मात्र जावाच्याच घरात एकमत नाही, आणि हे मजेशीर आहे म्हणून सांगतो. रिकाम्या लिस्टवर क्लिअर म्हणलं तर? काढायला काहीच नाही, मग नकार द्यायचा की गप बसायचं? कलेक्शन्स.एम्प्टीलिस्ट गप बसते, लिस्ट.ऑफनं बनवलेली रिकामी लिस्ट एक्सेप्शन फेकते. दोन्ही डॉकच्या हिशोबानं बरोबर, कारण ज्या कॉलनं काहीच बदलणार नाही तिथं फेकायचं की नाही हे इम्प्लिमेंटेशनवर सोडलेलं आहे.

आता याचा त्रास कुठं होतो पाहा. अरेज.अॅजलिस्टनं सौद्यांची लिस्ट बनवली, तिच्यावर रिमूव्हइफ लावला, "रद्द झालेले सौदे काढ". त्या लिस्टची साइज बदलत नाही, म्हणजे काढणं चालत नाही. पण डिफॉल्ट रिमूव्हइफ एकेक सौदा पाहत जाते आणि काढण्यासारखा सापडला तरच रिमूव्ह म्हणते, तेव्हाच फुटते. टेस्ट डेटात रद्द सौदा एकही नव्हता म्हणून टेस्ट पास, डेमो पास, क्लायंट खुश, आणि हंगामात पहिला सौदा रद्द झाला की गाळ्यावर प्रोग्राम आडवा. बग डेटावर अवलंबून राहिला की पकडायला जीव जातो. म्हणून आपल्या क्लासमध्ये एकच नियम, चालत नाही म्हणजे चालत नाही, बदल होणार असो की नसो, कॉल आला की फेका.

फायनल काहून लावलं? कोणी सबक्लास करून तिथं परत रिकामी मेथड टाकू नये म्हणून. गूगलच्या ग्वावा लायब्ररीच्या इम्युटेबललिस्टमध्ये तर अॅड मेथड फायनल पण आहे आणि डेप्रिकेटेड (वापरू नका असा शिक्का) पण, म्हणजे आयडीईमध्ये टाइप करतानाच नावावर काट मारलेली दिसते. ही आयडिया उचला, फुकट आहे, आणि निम्म्या चुका रन करायच्या आधीच कळतात.

सोय म्हणून नकाराची मेथड बेसमध्येच ठेवता येते, म्हणजे प्रत्येक क्लासमध्ये परत परत लिहायला नको. अॅबस्ट्रॅक्टलिस्ट हेच करते, अॅड, सेट, रिमूव्ह तिन्ही मुळातच फेकणारे, तुम्हाला जे झेपते ते ओव्हरराइड करा. जावा ८ मध्ये इटरेटरच्या रिमूव्हला पण डिफॉल्ट म्हणून हेच दिलं, त्याआधी प्रत्येकाला हाताने लिहावं लागत होतं. जावा २१ मध्ये लिस्टसारखा अॅडफर्स्ट सॉर्टेडसेटला पण मिळाला, पण तिथं क्रम सेटच ठरवतो, "याला पहिला ठेव" म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून तिथं तो सरळ फेकतो. यात एक धोका आहे, ओव्हरराइड करायला विसरलात तर कंपायलर काही बोलत नाही. त्यावर उपाय टेस्टचा, पायरी ७ मध्ये.

स्वतःचा सबक्लास करावा का? करता येते. जावातच रीडओन्लीबफरएक्सेप्शन आणि रीडओन्लीफाइलसिस्टिमएक्सेप्शन हे दोन्ही अनसपोर्टेडचेच पोरं आहेत. "वहीवाचनीयएक्सेप्शन" असं काही केलं तर वरच्या थरात ओळखायला सोपं जाते. पण प्रत्येक मेथडला वेगळा क्लास असला खेळ नको.

पायरी ५: विचारायची सोय द्या

नकार मिळू शकतो म्हणता, मग आधी विचारता पण आलं पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस ट्राय-कॅचनं चाचपडत बसतो. डॉटनेटच्या स्ट्रीममध्ये कॅनरीड, कॅनराइट, कॅनसीक आहेत, नेटवर्कवरून येणाऱ्या स्ट्रीमवर सीक म्हणलं तर नॉटसपोर्टेड येते, पण आधी कॅनसीक पाहिलं तर ती वेळच येत नाही. पायथनच्या फाइल ऑब्जेक्टला सीकेबल आणि रायटेबल विचारता येते. जावाच्या तारीख-वेळवाल्या पॅकेजमध्ये लोकलडेटला इझसपोर्टेड विचारा, दिवस चालतो म्हणेल, तास नाही म्हणेल, आणि तरीही तास मिळवायला गेलात तर अनसपोर्टेडटेम्पोरलटाइपएक्सेप्शन. जेडीबीसीत, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, डेटाबेसमेटाडेटावर सपोर्ट्स नावानं सुरू होणाऱ्या मेथडची भली मोठी रांग आहे, सपोर्ट्ससेव्हपॉइंट्स वगैरे.

आपल्या वहीत "रद्द करता येते का" अशी मेथड द्या. मग स्क्रीनवर जुनी वही उघडली की रद्दचं बटनच दिसणार नाही. अडत्याला एक्सेप्शन कधी दिसायलाच नको, ते आपल्यासाठी आहे.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, उत्तर आणि वागणं एकाच जागेवरून आलं पाहिजे. बूलियन एकीकडे हाताने लिहिला आणि मेथड दुसरीकडे, तर कोणीतरी एकच बदलतो आणि वही हो म्हणून नाही करते. ऑपरेशनचा इनमसेट (चालणाऱ्या कामांची एक यादी) ठेवा, दोघंही त्यालाच विचारतील. दोन, उत्तर ऑब्जेक्टच्या आयुष्यात बदलायला नको. बदलून राहिलं असेल तर तो "आत्ता नाही"चा मामला, पायरी १ परत वाचा.

आणि बूलियन किती बारीक करायचा याचाही विचार करा. डॉटनेटचा साधा अॅरे घ्या, त्याला जुन्या आयलिस्टमधून "फक्त वाचायचा आहेस का" विचारलं तर नाही म्हणते, आणि जेनेरिक आयकलेक्शनमधून तोच प्रश्न विचारला तर हो म्हणते! कारण अॅरेमध्ये किंमत बदलते पण साइज बदलत नाही, एका हो-नाहीत ते बसतच नाही. म्हणून "लिहिता येते का" असं मोघम न विचारता टाकता येते का, रद्द होते का, असं कामापरत्वे विचारायची सोय ठेवा.

पायरी ६: मधे पकडू नका, पण मधे अर्धवटही सोडू नका

अनसपोर्टेड हे प्रोग्रामरच्या चुकीचं चिन्ह आहे, म्हणूनच जावात ते अनचेक्ड आहे, म्हणजे कंपायलर ते पकडायला लावत नाही. मधल्या थरात कॅच करून लॉग लिहिला आणि पुढं गेलं की झाली परत रिकामी मेथड, फक्त जास्त ओळींची. रीट्रायच्या लूपमध्ये तर हे बिलकुल येऊ देऊ नका, कधीच न होणारं काम तीनदा करून काय होणार. जेडीबीसीनं आपल्या एसक्यूएलफीचरनॉटसपोर्टेडएक्सेप्शनला "नॉनट्रान्झिएंट" या घराण्यात ठेवलं आहे ते याचसाठी, परत केलं तरी तेच उत्तर येणार.

पकडायचं ते दारात, म्हणजे एचटीटीपीच्या कंट्रोलरवर किंवा स्क्रीनच्या थरावर, आणि तिथं त्याचं भाषांतर करायचं. जुन्या वहीवर डिलीट रिक्वेस्ट आली तर ४०५ (ही मेथड इथं चालत नाही), आणि ४०५ सोबत अलाऊ हेडर द्यावाच लागते, त्यात काय काय चालते ते. विचारायची सोय केलेली असेल तर तो हेडर आपोआप बनतो. ५०१ मात्र इथं नाही, तो सर्व्हरला ती मेथड मुळातच झेपत नाही तेव्हाचा. बंद वहीसाठी ४०९ (सध्याच्या स्थितीत बसत नाही) बरा. एक पण मधेच पाहा, हे अनसपोर्टेड आपल्या वहीचं आहे की कुठल्या लायब्ररीच्या लिस्टमधून उडालं आहे? दुसरं असेल तर ४०५ देणं म्हणजे आपला बग ग्राहकाच्या गळ्यात मारणं, तिथं ५००च (सर्व्हरची चूक) पाहिजे. स्वतःचा सबक्लास असण्याचा खरा फायदा हा.

आता अर्धवटपणा. "सौदा या वहीतून त्या वहीत हलव" असं काम लिहिलं: आधी नव्या वहीत टाक, मग जुनीतून रद्द कर. पहिलं झालं, दुसऱ्यानं अनसपोर्टेड फेकलं. आता तोच सौदा दोन वह्यांमध्ये, शेतकऱ्याच्या नावावर चाळीस कॅरेटचे ऐंशी. ऑब्जेक्टनं आपलं काम बरोबर केलं, नकार दिला, पण जोडकाम करणाऱ्यानं आधी दोघांना विचारलं नाही. म्हणून एकापेक्षा जास्त ऑब्जेक्टवर बदल करायचा असेल तर पहिल्या ओळीत सगळ्यांची कुवत तपासा, मग हात लावा. ट्रान्झॅक्शन असेल तर रोलबॅक होईल हे खरं, पण पाहुणी वही दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, तिथं तुमचा रोलबॅक पोहोचत नाही.

पायरी ७: टेस्ट

प्रत्येक क्लाससाठी नाही, इंटरफेससाठी एकच टेस्ट लिहा आणि सगळे क्लास तिच्यातून काढा. टेस्ट विचारते, रद्द करता येते का? हो म्हणली तर रद्द करून पाहते आणि सौदा खरंच गेला का तपासते. नाही म्हणली तर जावाच्या टेस्ट लायब्ररीच्या, जेयुनिटच्या, असर्टथ्रोजनं तेच एक्सेप्शन आलं का पाहते, आणि नंतर सौदे व एकूण कॅरेट आधी होते तेवढेच आहेत का ते पण. रिकाम्या वहीवर सुद्धा हेच चालवा, आणि नसलेल्या नंबरचा सौदा रद्द करून पण पाहा, वरचा रिमूव्हइफवाला किस्सा तिथंच पकडला जातो. बेसमधून आलेला नकार ओव्हरराइड करायला विसरलात तर तो पण इथं कळतो, फक्त कोणत्या वहीनं हो म्हणायला पाहिजे ती यादी टेस्टमध्ये हाताने लिहा.

पायरी ८: भाषेभाषेचे खड्डे

जावा: स्ट्रीमच्या शेवटी जुन्या पद्धतीनं कलेक्ट करून लिस्ट घेतली तर व्यवहारात अॅरेलिस्ट मिळते, तिच्यात अॅड चालते. जावा १६ पासून थेट टूलिस्ट आलं, ते छोटं दिसते म्हणून आयडीईचं सजेशन स्वीकारून सगळीकडे बदलून टाकतात, पण ती लिस्ट बदलता येत नाही. कंपाइल होते, टाइप तोच, रनटाइमला फुटते. बदलायच्या आधी पुढं कोणी त्यात अॅड करून राहिलं का ते पाहा. अजून एक, फाइलच्या पॉसिक्स (युनिक्स पद्धतीच्या) परमिशन सेट करणारी मेथड लिनक्सवर चालते आणि विंडोजवर अनसपोर्टेड फेकते. तुमचा सर्व्हर उबुंटू आणि गाळ्यावरचा कॉम्प्युटर विंडोज असेल तर हे लक्षात ठेवा.

पायथन: नॉटइम्प्लिमेंटेड आणि नॉटइम्प्लिमेंटेडएरर या दोन वेगळ्या चीजा आहेत. पहिली रिटर्न करायची, तीही बेरीज, तुलना असल्या ऑपरेटरच्या मेथडमधून, म्हणजे पायथन दुसऱ्या बाजूच्या ऑब्जेक्टला विचारते. दुसरी रेझ करायची, सबक्लासनं अजून लिहायचं आहे यासाठी. पहिलीच रेझ केली तर टाइपएरर येतो. आणि "कधीच नाही"साठी दुसरी पण नको असं पायथनचं डॉकच सांगते, मेथड ठेवूच नका, आणि वरून आलेली असेल तर सबक्लासमध्ये तिला नन (पायथनचं "काहीच नाही") करा. बिगर-हॅश क्लासमध्ये हॅश मेथड नन असते, तेच. फाइलसाठीचं आयओ.अनसपोर्टेडऑपरेशन हे ओएसएरर आणि व्हॅल्यूएरर दोघांचंही पोरगं आहे, म्हणून "डिस्कचा काही प्रॉब्लेम असेल" म्हणून ओएसएरर पकडून बसलेला कोड हे पण गिळून टाकते.

रूबी: नॉटइम्प्लिमेंटेडएरर हा स्टँडर्डएररच्या खाली नाही, स्क्रिप्टएररच्या खाली आहे, साधा रेस्क्यू त्याला पकडतच नाही. तो मुळात प्लॅटफॉर्मवर नसलेल्या गोष्टींसाठी आहे, जसं विंडोजवर फोर्क.

डार्ट: अनइम्प्लिमेंटेडएरर हा अनसपोर्टेडएररला इम्प्लिमेंट करते, म्हणून दुसरा पकडला तर पहिला पण जाळ्यात येते. फ्लटरवाल्यांनो, "अजून नाही" आणि "कधीच नाही" वेगळे दाखवायचे असतील तर पकडायचा क्रम सांभाळा.

पायरी ९: उत्तर बदलायची वेळ आली तर

"नाही"चं "हो" करणं सोपं वाटते. पाहुणी वहीवाल्यांनी उद्या लिहायची एपीआय दिली, तुम्ही मेथड भरली, संपलं. तरी शोधून घ्या की कोणी त्या एक्सेप्शनवर टेकून बसलं आहे का, "फेकलं म्हणजे पाहुणी वही" असं ओळखणारा कोड कुठंतरी निघतोच.

"हो"चं "नाही" करायला मात्र वेळ द्यावा लागते. जावाच्या थ्रेड.स्टॉपचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ती मेथड १.२ पासून डेप्रिकेटेड होती, म्हणजे १९९८, आणि २०२३ च्या जावा २० मध्ये जाऊन ती अनसपोर्टेड फेकायला लागली. मेथड तेव्हा एकदम उडवली नाही, कारण उडवली तर जुनी जार फाइल लिंक होतानाच विचित्र एररनं पडते, आणि ठेवून नकार दिला तर निदान स्टॅक ट्रेसमध्ये नेमकी ओळ दिसते. आपल्याला पंचवीस वर्षं थांबायची गरज नाही. एका रिलीजमध्ये डेप्रिकेटेड करा आणि कॉल आला की लॉगमध्ये वॉर्निंग लिहा, एक पूर्ण हंगाम, आंबिया आणि मृग दोन्ही, जाऊ द्या, कारण रद्दचा काही कोड फक्त हंगामाच्या शेवटीच चालतो. लॉग कोरडा राहिला की मग मेथडमध्ये फेकण्याची ओळ टाका, विचारायच्या मेथडचं उत्तर त्याच कमिटमध्ये बदला, आणि मेसेजमध्ये आता कुठं जायचं ते लिहा.